मत्स्यखात्यातले वडील

वसुधा देवधर अमेरिकेतल्या नेपरव्हिलमध्ये पंचवीसएक वर्षं राहत होती. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी, मंडळाच्या गणपतीत स्वयंपाकघराची जबाबदारी, दोन मुलं शिकून आपापल्या गावी गेलेली. तिच्याबद्दल कोणाला काही वावगं बोलता आलं नसतं. ती सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून विस्कॉन्सिनला जाते हे सगळ्यांना माहीत होतं. "नेचर वॉक करते गं, बरं वाटतं," असं ती सांगायची. गाडीच्या डिकीत रबरी बूट आणि गळाची काठी असायची, ती कोणी पाहिली नव्हती.

हे सुरू झालं २००२ साली. नवरा राजीव आणि ती पानांचे रंग बघायला विस्कॉन्सिनच्या नैऋत्य टोकाला गेली होती. तिकडे बुटक्या डोंगरांच्या घळींमधून झऱ्यांचे ओढे वाहतात. एका पुलाजवळ राजीव फोटो काढत बसला आणि वसुधा खाली उतरली. पाण्यात मांड्यांपर्यंत उभा राहून एक म्हातारा गळ टाकत होता. ती बराच वेळ बघत राहिली आणि मग न राहवून म्हणाली, "तिथे नाही. त्या दगडाच्या मागे टाका. पाणी तिथे वळतंय."

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग दगडाकडे. त्याने गळ टाकला आणि ट्राउट लागला. त्याने मासा ओल्या हाताने सोडवून पाण्यात परत सोडला आणि विचारलं, "कोणी शिकवलं?"

"वडिलांनी," वसुधा म्हणाली.

तो लायल हालवरसन. सत्तरीला आलेला, आयुष्यभर गाई पाळलेला, शरदात हरणाची शिकार आणि उन्हाळ्यात मासे. त्या दिवसापासून त्यांची मैत्री झाली. फ्लाय टाकण्याची, म्हणजे पिसांची खोटी माशी पाण्यावर अलगद उतरवण्याची कला त्याने तिला शिकवली. एकदा ओढ्याच्या काठावर डबा खाता खाता तिने त्याला जे सांगितलं, ते अमेरिकेत दुसऱ्या कोणालाही सांगितलं नव्हतं. तिचे वडील आत्माराम कुबल मालवणच्या खालच्या अंगाला रापणीवर होते. अख्ख्या वाडीने मिळून ओढायचं ते मोठं जाळं, त्यात त्यांचा एक वाटा असायचा. शिवाय त्यांची एक लहान होडी होती. आईने टोपली डोक्यावर घेऊन मासे विकले, त्यावर वसुधा शिकली. लहानपणी वडील तिला होडीत पुढे बसवायचे आणि म्हणायचे, "पयला पाणी बगूक शिक गो बाय. मासो मागसून गावता."

लायलने ते वाक्य तिच्याकडून तीन वेळा म्हणवून घेतलं होतं. इंग्रजीत त्याचा अर्थ सांगितल्यावर म्हणाला, "मला हा माणूस भेटायला हवा होता."

नेपरव्हिलमध्ये मात्र वसुधाचे वडील मत्स्यखात्यात होते.

ते कसे, तर राजीव आणि ती मुंबईत एम.एस्सी.ला एकत्र होती. लग्न ठरवलं तेव्हा राजीवच्या सांगलीच्या घरी 'गाबीत' हा मासेमारांच्या जातीचा शब्द उच्चारण्याची त्याची हिंमत झाली नाही. आईने विचारलं, मुलीचे वडील काय करतात? राजीव म्हणाला, "मत्स्यखात्यात आहेत." सासूबाईंना 'खातं' हा शब्द पुरला. पेन्शनची नोकरी, म्हणजे माणसं बरी असणार. वसुधाला ते कळलं तेव्हा ती हसली होती. तिला वाटलं, चार दिवसांची गोष्ट आहे, सांगू नंतर. पण लग्न रजिस्टर झालं, दोघं अमेरिकेला आली, इकडे सांगलीच्या ओळखीची माणसं निघाली आणि नंतर सांगायचं राहूनच गेलं.

वडील अमेरिकेला एकदाच आले होते, मुलगा झाला तेव्हा. विमानतळावरून घरी येतानाच वसुधाने त्यांना सांगितलं, "बाबा, कोणी विचारलं तर मत्स्यखात्यात होतो म्हणा."

"माका खात्यातला काय्येक म्हायत नाय गो."

"माहीत असायला नको. एवढंच म्हणायचं."

"बरां," ते म्हणाले.

बारशाला आलेल्यांपैकी कोणीतरी विचारलं, "काका, तुम्ही कुठे होतात?" त्यांनी इस्त्रीच्या शर्टाची बाही सारखी केली आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "खात्यात." मग पाहुणे जाईपर्यंत ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून राहिले. सगळे गेल्यावर त्यांनी मुलीला हळूच विचारलं, "बरोबर सांगलंय मां?"

वसुधाने मान डोलावली होती. सात वर्षांनी ते गेले, तेव्हा तिला सगळ्यात आधी तेच वाक्य आठवलं.

लायलबरोबर ओढ्यावर जाऊ लागल्यावर ती थोडी सैल झाली होती. तिथे तिला कोणीही काकू म्हणत नव्हतं. पण ओढाही बदलत चालला होता. ट्राउटला थंड पाणी लागतं. पाणी तापलं की त्याला श्वास पुरत नाही. एका जुलैमध्ये खालच्या डोहात ट्राउट उताणे तरंगताना दिसले. २००७ च्या ऑगस्टमध्ये त्या घळीत असा पाऊस झाला की म्हाताऱ्यांनीही तसा पाहिला नव्हता. वसुधाच्या ओळखीचे सगळे दगड एका रात्रीत हलले. लायलच्या शिकारी मित्रांचंही असंच गाऱ्हाणं होतं. बदकं उशिरा येतात, येतात तीही थांबत नाहीत, थंडी पडतच नाही.

त्याच सुमाराला वॉशिंग्टनमध्ये हवामानबदलाचं एक बिल आलं. कारखान्यांच्या आणि वीजकेंद्रांच्या धुरावर मर्यादा घालायची, असं ते होतं. देशभरातले मासेमारीचे आणि शिकारीचे क्लब त्याच्या बाजूने उभे राहिले, ही गोष्ट पुष्कळांना विचित्र वाटली. लायल आयुष्यभर ज्या पक्षाला मत देत आला होता, त्या पक्षात असलं बोलायची पद्धत नव्हती. "मी काही झाडांना मिठ्या मारणारा नाही," तो आपल्या गावच्या क्लबच्या सभेत म्हणाला, "पण माझा ओढा मरतोय आणि मी गप्प बसू काय?"

क्लबने ठरवलं, वसंतात काही जणांनी वॉशिंग्टनला जायचं आणि ज्यांचं मत अजून ठरलेलं नाही अशा सेनेटरांच्या ऑफिसात बोलायचं. लायलने वसुधाचं नाव घातलं.

"मी कशाला? मी काय बोलणार?"

"आम्ही सगळे हौशी आहोत," लायल म्हणाला. "ते म्हणतील, म्हाताऱ्यांचा खेळ बुडतोय, त्याला कायदा कशाला? तुझ्या घरी मासे आले नाहीत तर चूल पेटत नव्हती. तू ते सांग. पाणी बदललं की माणसांचं काय होतं, ते आमच्यात तुलाच ठाऊक आहे."

वसुधा तयार झाली. विमानात तिने काय बोलायचं ते मनात जुळवलं. बाबांचं नाव घ्यायचं, असंही ठरवलं.

दोन ऑफिसं चांगली गेली. तिथे लायलच बोलला. तिसऱ्या ठिकाणी मध्य-पश्चिमेतल्या एका सेनेटरचं ऑफिस होतं, आणि या बिलावर त्यांच्या वतीने भेटीगाठी घेणारी मुलगी आत आली. कपाळावर छोटी टिकली, करड्या रंगाचा सूट. तिने यादीतलं नाव वाचलं आणि तिचा चेहरा उजळला.

"देवधर? काकू, तुम्ही मराठी? ओ माय गॉड! मी आरोही. आईबाबा अल्फारेटाला असतात. माझी आजी सांगलीची आहे, ती सगळ्या देवधरांना ओळखते! आय हॅव टु टेल हर!"

"हो का," वसुधा म्हणाली. "वा."

मुलगी मग इंग्रजीत कामाला लागली. लायलने ओढ्याचं सांगितलं, मेलेल्या माशांचं सांगितलं. आरोही भराभर लिहून घेत होती. शेवटी लायल म्हणाला, "आणि आता वसुधाचं ऐका. ती मासेमारांच्या घरची आहे. तिचे वडील समुद्रावर जाऊन पोट भरायचे. आमच्यासाठी ही मजा आहे, तिच्यासाठी ते जगणं होतं."

आरोहीने मान वर केली. "रिअली, काकू?"

सांगलीची आजी. सगळ्या देवधरांना ओळखणारी. वसुधाला समोर ती मुलगी दिसलीच नाही. तिला सासूबाईंचं माजघर दिसलं, त्यात बसलेल्या बायका दिसल्या. त्यातली बहुतेक माणसं कधीच वारली होती. तरीही तिच्या तोंडून शब्द गेले.

"नाही, नाही. लायलचा थोडा गैरसमज झाला आहे," ती हसून इंग्रजीत म्हणाली. "माझे वडील सरकारी नोकरीत होते. मत्स्यखात्यात. मासेमारी हा माझा फक्त छंद आहे."

"ओह, ओके," आरोही म्हणाली आणि तिने तसं लिहून घेतलं.

लायलने मान वळवून वसुधाकडे पाहिलं. रागाने नव्हे, पुलावरून जाताना फळी निखळावी आणि माणसाने खाली बघावं, तसं. मग तो आरोहीला म्हणाला, "माफ करा. मी चुकीचं ऐकलं असेन."

नंतर बोलणं लंगडं झालं. मुलीने शिष्टाचाराने विचारलं, छंद म्हणून मासेमारी करणारे तुमच्या क्लबात किती जण आहेत. लायलने आकडा सांगितला. दारात आरोहीने वाकून वसुधाला नमस्कार केला, आणि तो नमस्कार घेताना वसुधाला वाटलं की आपण जमिनीत गेलो तर बरं.

बाहेरच्या संगमरवरी कॉरिडॉरमध्ये ती लायलशेजारी चालत होती. "तू चुकीचं ऐकलं नव्हतंस," एवढंच म्हणायचं होतं. ते शब्द ओठांवर होते. लिफ्ट आली, बाकीचे क्लबवाले आत चढले, आणि ते न म्हणताच तीही आत शिरली. परतीच्या विमानात लायलने टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. त्या मोसमात त्याने तिला ओढ्यावर बोलावलं नाही आणि तीही गेली नाही. गळाची काठी डिकीतून काढून तिने तळघरात नेऊन ठेवली.

राजीवला तिने सांगितलं ते जूनमध्ये. बिल एका शुक्रवारी सेनेटमध्ये अडकलं; पुढे न्यायला लागणारी मतं पडलीच नाहीत. त्याच शनिवारी-रविवारी लायलच्या घळीवर पुन्हा पाऊस कोसळला, वर्षही न सरता दुसऱ्यांदा. टीव्हीवर ओळखीचा पूल पाण्याखाली दिसला तशी वसुधा उठून उभी राहिली आणि रडायलाच लागली. राजीवला आधी वाटलं, पुरामुळे. मग तिने वॉशिंग्टनचं सगळं सांगितलं.

राजीवने टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "ते खातं मीच उघडलं होतं गं. तू तीस वर्षं चालवलंस."

"तू एकदाच म्हणालास. मी बाबांच्या तोंडून म्हणवून घेतलं."

राजीवने फावडी आणि बादल्या गाडीत टाकल्या.

रस्ते उघडल्यावर ती दोघं पोचली. लायलच्या घराच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीपर्यंत चिखलाची रेघ होती. अंगणात भिजलेल्या गाद्या, उघडा पडलेला फ्रीज, त्याच्या मेलेल्या बायकोची शिवणाची मशीन. लायल एकटाच फावड्याने गाळ ओढत होता. त्याने त्यांना बघून मान डोलावली आणि पुन्हा कामाला लागला. राजीवने तळघर घेतलं. वसुधा स्वयंपाकघरातला चिखल बादलीने बाहेर टाकत राहिली. दुपारी सगळे पायरीवर बसले तेव्हा तिने एकदाचं म्हटलं.

"लायल, त्या दिवशी तू बरोबर ऐकलं होतंस."

"ते मला माहीत आहे," तो म्हणाला. "माझे कान अजून शाबूत आहेत."

"मला माफ कर. तुला मी तिच्यासमोर खोटं पाडलं."

त्याने बुटाचा चिखल काठीने खरवडला. "माझं सोड. त्या मुलीला वाटलं असेल, म्हातारा काहीतरी बरळतोय. त्याने मला काही होत नाही. पण त्या माणसाला मी ओळखायला लागलो होतो, वसुधा. तू सांगितलेलं ऐकून ऐकून. आणि तू त्याला माझ्यासमोर पुसून टाकलंस." काठी खाली टाकत त्याने विचारलं, "का?"

तिने सांगायचा प्रयत्न केला. गाबीत म्हणजे काय, देवधर म्हणजे काय, सांगलीचं माजघर. इंग्रजीत ते सगळं इतकं क्षुल्लक आणि इतकं घाणेरडं वाटलं की ती मध्येच थांबली. राजीव खाली मान घालून ऐकत होता. लायल म्हणाला, "मला नीट कळलं नाही. पण माझा आजोबा नॉर्वेतून आला. तिकडे तो दुसऱ्याच्या गोठ्यात झोपायचा, आणि माझी आई सांगायची की आमची तिकडे स्वतःची शेती होती." एवढं बोलून तो उठला. माफ केलं असं काही म्हणाला नाही.

नेपरव्हिलला परत आल्यावर वसुधाने आरोहीला फोन केला. नंबर कार्डावर होता. तिने एका दमात सांगून टाकलं: वडील मासेमार होते, आई मासे विकायची, मी खोटं बोलले.

"ओके… बट काकू, व्हाय? दॅट्स सच अ गुड स्टोरी!"

"मला लाज वाटली."

"माझी? मी काय… म्हणजे, डू पीपल स्टिल केअर अबाउट दॅट?"

"मी केअर केली ना," वसुधा म्हणाली.

आरोही मग प्रामाणिकपणे म्हणाली, "मी नोट्समध्ये 'हॉबी फिशिंग ग्रुप' असं लिहिलं होतं. आय मीन, त्यामुळेच काही बदललं असतं असं नाही. व्होट्स नव्हतीच. पण मी वेगळं लिहिलं असतं." आणि मग, "काकू, आजीला मी काही सांगू नको का?"

हाच प्रश्न येणार हे वसुधाला ठाऊक होतं. "सांग," ती म्हणाली. "सगळं सांग."

सप्टेंबरमध्ये मंडळाचा गणपती झाला. शाळेच्या भाड्याच्या स्वयंपाकघरात शैलजा आणि ती मोदकांचं सारण ढवळत होत्या. शैलजा तिची सगळ्यात जुनी मैत्रीण; पहिल्या अपार्टमेंटपासूनची. वसुधा म्हणाली, "शैलजा, माझे बाबा खात्यात नव्हते. रापणीवर होते."

"माहीत आहे गं," शैलजा गॅस बारीक करत म्हणाली.

"कधीपासून?"

"ते आले होते तेव्हापासून. आपण पार्कात पिकनिकला गेलो होतो, आठवतं? व्हॉलीबॉलचं नेट फाटलं होतं आणि काका एकटेच बसून ते विणत होते. तू लांबून पाहिलंस आणि धावत येऊन ते त्यांच्या हातातून ओढून घेतलंस. ते विणत होते त्यात काय, कोणी लक्षही दिलं नसतं. तू ओढलंस, म्हणून मला कळलं."

वसुधाला ती पिकनिक आठवत नव्हती. नेट ओढून घेतलेलं तर मुळीच नाही. "मग बोलली का नाहीस कधी?"

"कशाला बोलायचं? तुला अवघड वाटलं असतं."

शैलजाचं मन वाईट नव्हतं. पण तिच्या त्या 'कशाला बोलायचं'मध्ये माया किती होती आणि दुसरं काय होतं, हे वसुधाला ठरवता आलं नाही. आपल्या लाजेची एवढी राखण सगळ्यांनी केली, आणि त्या राखणीत एक म्हातारा माणूस तेवढा एकटा पडला, एवढंच तिला कळलं. सारण खाली लागलं, तेव्हा शैलजाने तिच्या हातातून उलथनं घेतलं.

नोव्हेंबरमध्ये, हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू व्हायच्या आधी, क्लबने लायलच्या गावच्या शाळेत सभा ठेवली. नवीन सेनेट जानेवारीत बसणार होतं आणि नवीन बिल येईल असं सगळे धरून चालले होते. वसुधाला कोणी बोलावलं नव्हतं. ती स्वतः गेली आणि बोलायची परवानगी मागितली. बास्केटबॉलच्या बंदिस्त मैदानावर घडीच्या खुर्च्यांवर नारिंगी टोप्या घातलेले शिकारी बसले होते. लायल शेवटच्या रांगेत होता.

"माझं नाव वसुधा. माझे वडील आत्माराम कुबल," ती म्हणाली. "ते भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर मासे धरायचे. त्यावर आम्ही जगलो. माझा भाऊ रवी अजून धरतो. तो म्हणतो, तारले मासे आता किनाऱ्याजवळ येत नाहीत, लांब जावं लागतं, आणि वादळाचा नेम राहिला नाही. कारण काय ते मी छातीठोक सांगणार नाही, मी शास्त्रज्ञ म्हणून आलेली नाही. पण तुमचा ओढा आणि आमचा समुद्र यांचं रडगाणं मला सारखंच ऐकू येतं. वसंतात हेच सांगायला मला वॉशिंग्टनला नेलं होतं. मी तिथे ते सांगितलं नाही. वडिलांची लाज वाटली म्हणून. तुम्ही जाल तेव्हा असं करू नका."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुढच्या रांगेतला एक जण म्हणाला, कायद्याने विजेचं बिल वाढलं तर दूधवाल्यांनी काय करायचं? त्यावर वाद पेटला आणि सभा पुढे गेली. वसुधा खाली येऊन बसली. तिला मोकळं वगैरे वाटलं नाही. उलट, इथे सांगणं फारच सोपं होतं याचीच तिला लाज वाटली. या माणसांना कुबल आणि देवधर यांतला फरक कळत नव्हता. सांगलीच्या एखाद्या लग्नमंडपात उभं राहून हेच बोलता येईल का, हे तिला अजून ठाऊक नव्हतं.

सभा संपल्यावर खुर्च्या घडी घालताना लायल तिच्या शेजारी आला. दोघांनी मिळून एक अख्खी रांग आवरली.

"फेब्रुवारीत पुन्हा जायचं ठरतंय," तो म्हणाला.

"मला नेशील?"

लायलने हातातली खुर्ची भिंतीशी टेकवली आणि तिच्याकडे बघितलं. "मला जरा विचार करू दे," तो म्हणाला.

तिला ते रास्त वाटलं. ती पुढची खुर्ची उचलायला वळली.